दर्यातली शिकवणी

डिसेंबरातली सकाळ. मालवणच्या जेटीवर नऊ वाजत आलेत. रात्रभर दर्यावर असलेल्या होड्यांमधून मासळीच्या टोपल्या उतरताहेत आणि त्यांना लागूनच उभ्या असलेल्या एका होडीत हवेच्या टाक्या चढताहेत. चढवणारा पोरगा विशी-बाविशीचा, उन्हानं रापलेला. एकेका टाकीला रेग्युलेटर जोडतो, झडप उघडतो, काटा बघतो. काटा २०० बारच्या आसपास थांबला की टाकी जागेवर.

“यात ऑक्सिजन ना रे?” पुण्याहून आलेले एक काका विचारतात.

“नाय ओ काका. तुमी-आमी घेतव तीच हवा. दाबून भरलेली, इतक्याच.”

होडी निघते. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची उभारणी सुरू केली. ज्या खडकांमुळे शत्रूच्या गलबतांना इथं जपून यावं लागे, त्याच खडकांवर खाली प्रवाळ वाढलं आहे. तटाला वळसा घालून तांडेल होडी थांबवतो आणि नांगर खडकावर न टाकता, अंदाज घेत वाळूच्या पट्ट्यावर सोडतो.

आता शिकवणी सुरू होते. कमरेला वजनाचा पट्टा, पाठीवर टाकी, डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर. नाक बंद, त्यामुळे सगळा कारभार तोंडाचा. “अंगठो वर केलो म्हणजे ‘मस्त’ न्हय हां! वर जावया, असो त्याचो अर्थ. सगळा ठीक असला तर बोटाची अशी गोल खूण. कान दुखलो तर नाक दाबून हळू फुंका. आणि श्वास कधी रोखून धरूचो नाय. वर येताना तर नायच नाय.”

हा शेवटचा नियम तो तीनदा सांगतो, आणि त्याला कारण आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते. श्वास कोंडून वर आलेल्या माणसाची फुप्फुसं फाटू शकतात.

काका पाण्यात उतरतात आणि दोन सेकंदांत डोकं बाहेर काढतात. पोरगा हसत नाही. “मी आसंय मा. घाबरा नकात.” त्यांचा हात होडीच्या कडेवर ठेवून तो त्यांना नुसतं तोंड बुडवून श्वास घ्यायला लावतो. एकदा, दोनदा, चारदा. खांद्याचा ताठरपणा गेल्यावरच तो त्यांना खाली नेतो.

त्यांच्यामागून मीही दुसऱ्या गाईडबरोबर उतरतो. कानात स्वतःच्या श्वासाची घरघर, डोक्यावरून वर धावणारे बुडबुडे. पाणी सिनेमातल्यासारखं निळं नाही, हिरवट आहे. काही मीटरच्या पुढचं धूसर होत जातं. मग खडक दिसतो, त्यावर प्रवाळाच्या गोलसर गाठी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा अंगावरून जातो. एका कपारीतून गोब्रा मासा नुसतं तोंड बाहेर काढून आमच्याकडे बघतो आहे. काका हात पुढे करतात. पोरगा त्यांचं मनगट हलकेच मागे घेतो. त्याचा एक हात सतत त्यांच्या टाकीवर आहे, आणि नजर माशांवर नाही, काकांच्या डोळ्यांवर.

पलीकडे दुसऱ्या होडीतल्या कुणीतरी पाव कुस्करला आहे. मासे तुटून पडलेत, कॅमेरा चालू आहे. आम्ही तोंड फिरवतो.

वर आल्यावर काका विचारतात, “आपल्याकडे पाव नव्हता?”

“पावान माशाचा पॉट भारला, तर खडकावरचा शेवाळ तो खायत कित्याक? आणि शेवाळ वाढला की प्रवाळ मरता.”

परतीच्या वाटेवर तांडेल जुन्या गोष्टी काढतो. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य झाला तेव्हा मच्छीमारांनी त्याला विरोध केला. जाळी टाकायच्या जागा जातील, ही भीती खरीच होती. पण त्याच रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरांतली पोरं पुढे पर्यटकांना पाण्याखालचं दाखवू लागली. जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आली. तिथल्या आठ मीटर खोल तलावात धडे घेऊन काहींनी प्रमाणपत्रं मिळवली. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी घडवलेलं पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र असं गाबित मच्छीमारांच्या घरात पोटापाण्याचं साधन झालं. बाप मासा पकडून जगला, लेक तोच मासा जिवंत ठेवून जगतो आहे.

पण हे गणित पर्यटकाच्या हातात आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जागा आहे. तरी त्याचं रक्षण पाण्याखाली कुणी शिपाई करत नाही. तुम्ही मालवणला जाल तेव्हा स्वस्तातली होडी शोधण्याआधी गाईडचं प्रमाणपत्र विचारा, एका गाईडमागे किती माणसं ते विचारा. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर लपवू नका. आणि खाली गेल्यावर काही तोडू नका, काही भरवू नका. हात आपल्याजवळ ठेवा.