रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं

आज बोलायचंय मिलिटरीतनं पेन्शनीवर आलेल्या माणसांच्या दुखण्याबद्दल, आणि त्यावर फोनवरनं मिळणाऱ्या मदतीबद्दल.

आपल्या सांगली-साताऱ्याकडं फौजेत जायची रीत जुनी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. आपल्या पलूस तालुक्यातही फौजी घरं कमी नाहीत. चाळिशीच्या आसपास पेन्शन घेऊन माणूस घरी येतो. वर्षभर बरं चालतं. मग कुणाची पाठ धरते, कुणाचं डोकं ठणकतं, कुणाला झोप नाही, कुणाला जिना चढला तरी थकवा. मिरजेला जाऊन रक्त तपासलं, फोटो काढले, एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. दुखणं मात्र जात नाही.

आमच्या गटांच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचं कारण विचारलं की ‘मालकांचा दवाखाना’ हे उत्तर वरचेवर येतं. एका डॉक्टरकडनं दुसऱ्याकडं, तिथनं देवरुष्याकडं, पुन्हा नव्या तपासण्या. पैसा जातोच, पण घरातली बोलणी त्याहून वाईट. कुणी म्हणतं नाटक करतोय, कुणी म्हणतं पेन्शन आहे, कशाला हातपाय हलवंल. ज्यानं वीस वर्षं नोकरी इमानानं केली, त्याला हे ऐकून काय वाटत असेल?

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. त्यातल्या सैनिकांना धडधड, धाप, छातीत दुखणं असा त्रास व्हायचा, पण तपासणीत काही सापडायचं नाही. दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्यावर लिहून ठेवलंय. पुढं १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे सुमारे ७ लाख सैनिक गेले होते. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला अंगदुखी, थकवा, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी असं दुखणं वर्षानुवर्षं राहिलं. तिथला विषारी वायू, कीटकनाशकं, सैनिकांना दिलेल्या गोळ्या यांच्याकडं संशोधक बोट दाखवतात. म्हणजे रिपोर्टात दिसत नाही ते दुखणं खोटं, असं कुणी समजू नये.

मग बोलून काय होणार, असं तुम्ही विचाराल. एक उदाहरण घेऊ. २०१९ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितला. त्यानंतर दोन दिवस पावसाची झड लागली की भिलवडी, ब्रह्मनाळकडच्या कितीतरी बायकांच्या पोटात गोळा येतो, झोप उडते. नदी पात्रातच असते, पण शरीर सावध झालेलं असतं. तो गोळा खोटा नसतो आणि सोनोग्राफीत दिसतही नाही. फौजीच्या शरीरानं तर कितीतरी वर्षं असं सावध राहण्यात काढलेली असतात. मूळ कारण काहीही असो, सततच्या काळजीनं आणि झोपमोडीनं दुखणं वाढतं. दुखतंय म्हणून माणूस हालचाल कमी करतो, चारचौघांत जात नाही, अंग आणखी आखडतं, मन खचतं. हे चक्र कुठंतरी तोडायला बोलण्याचा उपयोग होतो.

अमेरिकेत आखाती युद्धातल्या अडीचशेहून जास्त माजी सैनिकांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये छापून आला. त्यातल्या निम्म्यांना फोनवरनं आरोग्याची माहिती दिली. बाकीच्यांना फोनवरनंच अडचण सोडवण्याची पद्धत शिकवली. दोन्हीकडं बारा-बारा वेळा बोलणं झालं. ज्यांना पद्धत शिकवली त्यांची रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झाली. आजार मुळापासनं गेला असं नाही, पण दिवस सोपा झाला.

ही पद्धत कशी असते? समजा, पाठदुखीमुळं एकाचं रानात जाणं बंद झालंय. समुपदेशक ‘पाठ’ हा प्रश्न धरत नाही, ‘रानात जाता येत नाही’ हा धरतो. मग दोघं मिळून उपाय काढतात. सकाळी लवकर जायचं, अर्ध्या वाटेपर्यंत चालायचं, बांधावर बसून फक्त देखरेख करायची, जड काम दुसऱ्याला द्यायचं. त्यातला एक उपाय तो माणूस स्वतः निवडतो आणि आठवडाभर करून बघतो. पुढच्या फोनला काय जमलं, काय नाही, ते बघून पुढचं ठरतं. आपण गटात धंदा ठरवताना असंच करतो की!

फोनचा फायदा असा, की एसटीचा खेळ नाही, दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी बघत नाही. गोठ्यात बसूनही बोलता येतं.

आपल्याकडं यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर आहे १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीतनं बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडं जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवतात. जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून वेगळा कक्ष सुरू झालाय. १४४१६ वर बारा बैठकांचा ठरीव कोर्स मिळेलच असं नाही, पण सुरुवात करायला हीच जागा चांगली.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिली, तपासणी आधी. छातीत दुखणं, एकाएकी वजन घटणं, हातापायातली ताकद जाणं, असं काही झालं तर फोनवर बोलत बसू नका, दवाखाना गाठा. ईसीएचएसचं कार्ड असेल तर ते वापरा, गटाचं कर्ज नंतर. दुसरी, चालू गोळ्या मनानं बंद करू नका. तिसरी, जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी केली तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच घटकेला १४४१६ किंवा १०८ ला फोन लावा.

पुरुषमाणूस आपणहून फोन करत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तुला वेड लागलंय, फोन कर, असं म्हटलं तर तो कधीच करणार नाही. त्याला म्हणा, तुमचं दुखणं खरं आहे, त्यावर आणखी एक उपाय करून बघू. तरी नाही म्हटलं तर पहिला फोन तुम्ही करा. घरच्या माणसाला कसं सांभाळावं हे तिथं विचारता येतं. आणि त्याची सेवा करून थकलेल्या बाईलाही तिथं स्वतःसाठी बोलता येतं.

येत्या मासिक बैठकीत १४४१६ हा नंबर हजेरी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ज्या घरात फौजी आहे त्या घरी गटातल्या एकीनं जाऊन तो सांगून यावं, एवढं काम आपण अंगावर घेऊ.