मोटर न्यूरॉनचा आजार माणसाला, मग संशोधन माशीवर का? (पुण्यातल्या एका कामाची गोष्ट)

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव तुळजापूर तालुक्यात. आमच्या गल्लीत एक काका आहेत. द्राक्षबागेच्या छाटणीत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातातून कात्री निसटायला लागली. आधी वाटलं थकवा असेल, मग कुणी बी-१२ म्हणालं, कुणी मानेचा मणका. सोलापूर झालं, पुणं झालं, सुया टोचून स्नायूंची विजेची तपासणी झाली, आणि शेवटी निदान आलं: मोटर न्यूरॉन डिसीज. मी भेटायला गेलो तर खाटेवरूनच म्हणाले, "तू मेंदूवरच शिकायलास ना? ह्याच्यावर काय निघालंय का बघ की."

मला पटकन काही बोलता आलं नाही. माझा पीएचडीचा विषय वेगळा आहे, पण माझ्याही टेबलावर फळमाशांच्याच बाटल्या असतात. आजारानं खाटेला खिळलेल्या माणसाला "मी माशांवर काम करतो" हे सांगायला जीभ रेटेना.

तसा हा प्रश्न मला आधीही आलेला होता. पीएचडीच्या एका मुलाखतीत (कुठली ते सोडा) विचारलं होतं, "माणसाच्या आजारासाठी माशी का?" मी घोकलेलं उत्तर दिलं: स्वस्त असते, लवकर वाढते. समोरचे सर म्हणाले, "स्वस्त तर झुरळही असतं." तुमच्यापैकी जे नेट, गेट देऊन मुलाखतींची तयारी करताय, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी येणारच. म्हणून आज तो नीट सोडवू, आणि उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. पुण्यात आयसरमध्ये गिरीश रत्नपारखी आणि आघारकर संशोधन संस्थेत अनुराधा रत्नपारखी हे दोघं फळमाशीवर काम करतात. मोटर न्यूरॉनच्या आजाराचा एक प्रकार त्यांनी बरीच वर्षं लावून धरलाय.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूतून निघालेला हुकूम स्नायूपर्यंत पोचवतात त्या पेशी म्हणजे मोटर न्यूरॉन. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या अशा पेशीचं मूळ पाठीच्या कण्यात असतं आणि तिचा धागा जवळपास मीटरभर लांब जातो. या पेशी एकेक करून मरायला लागल्या की स्नायू वाळतात. हात, पाय, गिळणं, शेवटी श्वास. यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी १८६९ पासून त्याचं वर्णन करायला सुरुवात केली. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते अपवाद. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन ते पाच वर्षं मिळतात. रिलुझोल हे औषध १९९५ मध्ये आलं, त्यानं आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढतं. काकांना तीच गोळी चालू आहे.

दहातल्या नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. उरलेल्या एकात तो पिढीजात येतो, आणि संशोधकांना धागा सापडतो तो इथेच. आजार घराण्यातून येत असेल तर बिघडलेलं जनुक शोधता येतं. १९९३ मध्ये एसओडी१ हे असं पहिलं जनुक सापडलं. २००४ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये मायाना झाट्झ यांच्या गटानं काही कुटुंबांमधून आणखी एक शोधलं: व्हीएपीबी. या प्रकाराला एएलएस८ म्हणतात. त्या प्रोटीनमध्ये ५६ व्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल असायला हवं, तिथं सेरीन आलेलं असतं. अख्ख्या प्रोटीनमधला एक मणी बदललाय, आणि माणूस चालेनासा होतो!

आता माशी. व्हीएपीबी हे पेशीच्या आतल्या पडद्यांवर बसणारं प्रोटीन. पेशीतल्या वेगवेगळ्या कप्प्यांना ते एकमेकांच्या जवळ बांधून ठेवतं. हे काम इतकं मूलभूत आहे की माशीतही तेच जनुक आहे, आणि बदलणारं प्रोलीनही आहे, फक्त तिथं त्याची जागा ५८ वी. म्हणजे ब्राझीलच्या कुटुंबातला बिघाड माशीत जसाच्या तसा घालता येतो. मुलाखतीत मी हे सांगायला हवं होतं. माशी स्वस्त आहे हे खरंच, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तोच बिघाड, त्याच प्रोटीनमध्ये, त्याच जागी करून बघता येतो.

ते काम २००८ मध्ये छापून आलं. अनुराधा तेव्हा अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये होत्या आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे. त्यात दिसलं असं: बिघडलेलं प्रोटीन पेशीत गोळे करून बसतं, आणि चांगल्या प्रोटीनलाही त्या गोळ्यात ओढून घेतं. एक नासका आंबा अढीतल्या बाकीच्यांनाही नासवतो तसं. याला 'डॉमिनंट निगेटिव्ह' म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या मी तीनदा वाचली होती, कळली मात्र या पेपरमुळे.

मग पुण्यात २०१४ चा पेपर. माझ्या मते नव्या विद्यार्थ्यानं आधी हाच वाचावा. प्रश्न साधा होता: व्हीएपीबीच्या कामात आणखी कोणकोणती जनुकं हात घालतात? त्यांनी माशीची २६३५ जनुकं एकेक करून तपासली. बाटल्या लावायच्या, संकर करायचे, मोजायचं, पुन्हा बाटल्या लावायच्या. १०३ जनुकं हाती लागली. ४५ परिणाम वाढवणारी, ५८ कमी करणारी. कंटाळवाणं वाटतंय ना? आहेच. पण या १०३ मध्ये काय निघालं बघा. एसओडी१ निघालं, म्हणजे १९९३ चं ते पहिलं जनुक. आणि टीबीपीएच निघालं. टीबीपीएच हे टीडीपी-४३ चं माशीतलं रूप. बहुतेक एएलएस रुग्णांच्या न्यूरॉनमध्ये ज्या प्रोटीनचे गोळे सापडतात, ते टीडीपी-४३. ज्यांच्या घरात कुणालाच आजार नव्हता, अशांच्याही.

इथं जरा थांबा. एएलएस८ दुर्मिळ आहे, गावातल्या काकांना तो असण्याची शक्यता फार कमी. मग त्यावर इतकी वर्षं का घालवायची? कारण त्या दुर्मिळ जनुकाचं जाळं ओढत गेलं की दुसऱ्या टोकाला सर्वसाधारण आजार हाताला लागतो. हे आधीच ठरवून सिद्ध करता आलं नसतं. २६३५ बाटल्या लावल्यावरच दिसलं.

त्याच यादीत टॉर नावाचं जनुक होतं, पेशीची वाढ आणि खाणंपिणं सांभाळणारं. न्यूरॉन जिथं स्नायूला भेटतो तिथल्या गाठी आजारी अळीत मोठ्या होतात. टॉर कमी केलं की त्या पूर्ववत झाल्या. टॉरला रोखणारं रॅपामायसिन अळ्यांना खाऊ घातलं तरी तेच झालं. हे वाचून कुणी लगेच "औषध सापडलं" असं स्टेटस ठेवू नका. अळीतली गाठ आणि माणसाचा वाळत चाललेला हात यांच्यात फार मोठं अंतर आहे.

२०१९ मध्ये आणखी एक निकाल आला आणि तो उलटाच होता. पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढले की नुकसान होतं, असं आपण बीएस्सीपासून शिकतो. इथं एसओडी१ कमी केलं, ते रेणू वाढले, आणि अळीच्या मेंदूतले प्रोटीनचे गोळे कमी झाले. पेशीची कचरा मोडणारी यंत्रणा, म्हणजे प्रोटिअसोम, कामाला लागली होती. असा निकाल आला की आधी वाटतं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. (माझ्या एकदा खरंच झाल्या होत्या. दोन महिने गेले.)

आणि २०२२. आतापर्यंत सगळं लक्ष न्यूरॉनवर होतं. पण मेंदूत न्यूरॉनशिवाय ग्लिया नावाच्या पेशी असतात. न्यूरॉनला खाऊपिऊ घालणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, संसर्ग झाला तर लढणाऱ्या. उंदरांवरच्या प्रयोगांतून २००३ मध्येच दिसलं होतं की शेजारच्या पेशी निरोगी असतील तर बिघडलेलं जनुक घेऊन बसलेला मोटर न्यूरॉनही जास्त तग धरतो. पुण्याच्या गटानं माशीत कॅस्पर नावाचं प्रोटीन फक्त ग्लियामध्ये वाढवलं. कॅस्पर हे दाह भडकवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी यंत्रणेला लगाम घालतं. आजारी माशा जास्त दिवस जगल्या आणि त्यांचं चालणं-चढणं उशिरा बिघडलं. चढणं मोजतात कसं, तर माशा नळीत घालून नळी आपटायची. सगळ्या तळाला पडतात आणि सवयीनं वर चढायला लागतात. ठरलेल्या वेळात किती वर पोचल्या ते मोजायचं. बस.

आता करिअरबद्दल, कारण तुम्ही मला नेहमी विचारता, "सर, एएलएसवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू?" (मला सर म्हणू नका.) गिरीश यांचे सुरुवातीचे पेपर बघा. आर. वरदराजन यांच्यासोबतचे, प्रोटीनच्या रचनेवरचे. प्रोटीनच्या पोटातलं एखादं अमिनो आम्ल बदललं, आत पोकळी झाली, तर त्याचा टिकाऊपणा किती घटतो, असे प्रश्न. त्यात मेंदू नाही, आजार नाही. नंतर यूसीएलएमध्ये अल्बर्ट कोरी यांच्याकडे माशीच्या भ्रूणावर काम. पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारं डॉर्सल प्रोटीन. अनुराधा यांचा २००२ चा पेपर गैती हसन यांच्यासोबतचा, न्यूरॉनचे धागे वाट कशी शोधतात यावर.

आता जुळवून बघा. एक अमिनो आम्ल बदललं तर प्रोटीनचं काय होतं, हा पहिला प्रश्न एएलएस८ मध्ये पुन्हा भेटतो. आणि डॉर्सल हे एनएफ-कप्पा-बी कुटुंबातलंच प्रोटीन. भ्रूणात ज्या घराण्यावर काम केलं, तेच पुढे आजारी माशीच्या ग्लियात दार उघडून समोर आलं. ही जुळणी माझी आहे, त्यांनी असं कुठं म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. पण तुमचा एमएस्सीचा प्रोजेक्ट "भलत्याच" विषयावर आहे म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे पेपर तारखेनं ओळीत लावून वाचावेत. २००८, २०१४ आणि २०१९ चे तिन्ही मोफत उघडतात. धाराशिवच्या उपकेंद्रात शिकत असाल, मोबाईलवर वाचत असाल, तरी अडचण नाही.

काकांना यातलं फार थोडं सांगितलं. बरं करणारं औषध आज नाही, हे सांगितलं. एसओडी१ चा बिघाड असलेल्यांसाठी टोफरसेन नावाच्या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण असे रुग्ण शंभरात साधारण दोनच, हेही सांगितलं. ते जनुक १९९३ मध्ये सापडलं होतं, औषधाला तीस वर्षं लागली. हे मात्र माझ्याच्यानं सांगवलं नाही. माशांचं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "बागंत त्या माशांनी वात आणलाय, आन् तुमी त्यांना पाळताव व्हय?"

मग काकू आत गेल्यावर हळूच विचारलं, "पोरांना हुईल का रं?" त्यांच्या घराण्यात आधी कुणालाच असं काही नव्हतं, म्हणजे शक्यता कमी आहे, पण नक्की नाही म्हणता येत नाही, असं मी बोललो. पुढच्या खेपेला डॉक्टरांना जनुक तपासणीबद्दल विचारा म्हटलं, आणि काय विचारायचं ते एका कागदावर मराठीत लिहून दिलं. कागद त्यांनी उशीखाली ठेवला. संक्रांतीला पुन्हा जाणार आहे.