एक थेंब दगड फोडतो तेव्हा

उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर भागात, स्केल नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या काठी हिरवळीवर एक अवाढव्य इमारत उभी आहे. जाडजूड भिंती, ओळीने कमानी, जवळपास पन्नास मीटर उंच मनोरा, सगळं आहे. नाही ते फक्त छप्पर! हा फाउंटन्स अ‍ॅबी, ख्रिस्ती साधूंचा जुना मठ.

११३२ सालच्या ऐन थंडीत यॉर्कच्या एका मठातले तेरा साधू इथे आले. त्या मठातलं जगणं त्यांना फार आरामाचं वाटायला लागलं होतं. इथे आराम नव्हता, पण उतारावर वालुकाश्म होता, लाकूड होतं आणि बारमाही पाणी होतं. तिथलाच दगड काढून मठ उभा राहिला. साधूंनी मेंढ्या पाळल्या, लोकर पार इटलीच्या व्यापाऱ्यांना विकली, आणि साधेपणा शोधत आलेल्यांचा मठ चांगलाच श्रीमंत झाला. नदीलाही त्यांनी कामाला लावलं. दगडी बोगदे बांधून तिला इमारतींच्या खालून नेलं. शौचालयं थेट प्रवाहावर, म्हणजे साफसफाईची चिंताच मिटली!

मग राजा आठव्या हेन्रीने देशातले मठ बंद करून त्यांची संपत्ती ताब्यात घेतली. फाउंटन्सची पाळी आली १५३९ मध्ये. छपरावर शिशाचे पत्रे होते. शिसं महाग, म्हणून ते उतरवून वितळवलं. पुढे कुणीतरी इथलेच दगड नेऊन शेजारी वाडा बांधला. पण माझ्या मते मठाचं खरं नुकसान शिसं गेलं त्या दिवशी सुरू झालं, कारण आता पाऊस सरळ भिंतींत शिरू लागला.

तुम्ही म्हणाल, दगडाला पाण्याचं काय भय? वालुकाश्मात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांत मुरतं. रात्री थंडीने त्याचा बर्फ होतो, आणि बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. आत जागा तर तेवढीच! मग ते दगडाला आतून रेटतं. सकाळी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. असं होता होता एक दिवस दगडाचा पापुद्रा सुटून येतो.

भिंत वाचवायची तर मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. ही वाट देतो चुना. आणि चुन्याची गोष्ट तर फारच नवलाची! चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओता, तो फसफसतो, तापतो, त्याची भुकटी होते. वाळूत कालवून तो सांध्यात भरला, की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. आपल्या गडांवर बैल जुंपून फिरवायचा चुन्याचा घाणा दिसतो ना, तो गोल दगडी चर आणि चाक? तिथेही असाच बांधकामाचा चुना मळत.

जुन्या भिंतीची डागडुजी करणारा गवंडी आधी सांध्यातला भुसभुशीत माल खरवडून काढतो. सांधा पाण्याने ओला करतो. मग छोट्या थापीने चुना दाबून दाबून भरतो आणि वर ओलं गोणपाट टांगतो, कारण चुना घाईने वाळला तर तडकतो. सिमेंट का नको? ते फार टणक आणि घट्ट असतं. पाणी सांध्यातून बाहेर पडेनासं होतं, दगडातच अडकतं आणि दगडच झिजतो. अनेक जुन्या इमारतींत भरलेलं सिमेंट आता जपून काढावं लागतंय.

मग छप्परच पुन्हा का नाही घालत? आपण आज अंदाजाने नवं बांधलं तर जुनं कुठलं आणि आपलं कुठलं, हे पुढच्यांना कसं कळणार? जेवढं उरलंय तेवढं नीट उभं ठेवायचं, हा विचार मला मनापासून पटतो. १९८३ पासून हा मठ नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. १९८६ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आलं.

आता नवी काळजी आहे पुराची. २००७ मध्ये स्केलचं पाणी मठात शिरलं होतं. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला शेतकऱ्यांना सोबत घेऊन झाडं लावणं, तळी करणं सुरू झालं, म्हणजे पावसाचं पाणी वाटेत रेंगाळेल आणि एकदम लोंढा येणार नाही.

मठाच्या एका भागावर मात्र आजही दगडी छत आहे. हा भाग म्हणजे सुमारे ९० मीटर लांब कोठार! तिथे अनेक जातींची वटवाघळं राहतात. ब्रिटनमध्ये त्यांचा आसरा मोडायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे तिथे भेगेत चुना भरायचा, तर आत कुणी झोपलेलं नाही ना, हे आधी बघावं लागतं.