संगणकाचा आवाज, उष्णता आणि साठवण : महाविद्यालयीन संगणक कक्षाच्या दृष्टीने एक विवेचन

बीजसंज्ञा : ध्वनी, डेसिबल, शीतन, पंखा, हार्ड डिस्क, एस.एस.डी., संगणक कक्ष

१. प्रस्तावना

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीबाहेरच्या आवाजाविषयी कायदा असा दक्ष असला, तरी भिंतीच्या आतील आवाजाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे सुचविले आहे. संगणक कक्ष हाही वर्गच आहे. तेथे शिक्षक बोलतात, विद्यार्थी प्रश्न विचारतात, भाषेच्या प्रयोगशाळेत उच्चार ऐकले जातात आणि अलीकडे व्याख्यानांचे ध्वनिमुद्रणही तेथेच होते.

संगणकाचा आवाज ही मूलतः ध्वनीची नसून उष्णतेची समस्या आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उष्णता कोठे निर्माण होते, ती कोणत्या मार्गाने बाहेर जाते आणि त्या मार्गात आपल्या भागातील हवामान कसे आडवे येते, हे समजल्यास शांत संगणक जोडणे अवघड नाही आणि फारसे महागही नाही.

२. यंत्रांच्या गावातील एक तत्त्व

वालचंदनगर हे गावच यंत्रांच्या सोबतीने वाढले. वालचंद हिराचंद यांनी नीरेच्या खोऱ्यात कळंब येथे उभारलेल्या साखर उद्योगातून ही वसाहत आकारास आली. पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, मोठे गिअरबॉक्स आणि इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटरींची आवरणे तयार करणारा कारखाना म्हणून तिची ओळख झाली. जड यंत्रांच्या सहवासात काम करणाऱ्यांना आवाज रोखण्याची तीन स्थळे परिचित असतात : पहिले उगमस्थान, दुसरे प्रसारमार्ग आणि तिसरे कान. कानात बोळे घालणे हा सर्वांत शेवटचा उपाय होय. गिअरच्या दात्यांचे काम अचूक करणे हा उगमावरचा उपाय, तर यंत्राखाली रबरी पाया देणे हा मार्गावरचा. संगणकालाही हाच क्रम लागू पडतो. कॅबिनेटला आतून स्पंज चिकटवून आवाज कोंडण्याचा प्रयत्न पुष्कळदा केला जातो. परंतु त्यामुळे हवेची वाट अडते, आतील तापमान वाढते, पंखे अधिक वेगाने फिरू लागतात आणि आवाज होता तेथेच येतो. म्हणून प्रारंभ उगमापासून करावयास हवा.

३. डेसिबलचे गणित

डेसिबल हे लघुगणकीय मापन असल्याने त्याची बेरीज नेहमीच्या पद्धतीने होत नाही. सारख्या आवाजाची दोन यंत्रे एकत्र चालली तर पातळी दुप्पट न होता ३ डेसिबलने वाढते. दहा यंत्रांनी १० डेसिबलने, वीस यंत्रांनी १३ डेसिबलने. समजा, एका ठिकाणी प्रत्येक संगणकाचा आवाज ३५ डेसिबल पोहोचतो. एकटा संगणक कोणाला खटकणार नाही. असे वीस संगणक एकदम चालू झाल्यावर तेथील पातळी ४८ डेसिबल होते. प्रत्यक्ष कक्षात सर्व यंत्रे समान अंतरावर नसतात. तथापि वाढीची दिशा कळण्यास हे गणित पुरेसे आहे.

याचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. सामान्य बोलण्याची पातळी एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ती ६ डेसिबलने घटते. बंद खोलीत भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे ही घट काहीशी कमी असते; पण शेवटच्या बाकापर्यंत आवाज क्षीण होतोच. शब्द स्पष्ट कळण्यासाठी बोलणे पार्श्वध्वनीपेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावे, असे सामान्यतः मानले जाते. ते साधले नाही तर शिक्षक आवाज चढवितात आणि मागील विद्यार्थी अर्धे शब्द अंदाजाने जुळवतात. ज्याला मुळातच कमी ऐकू येते, त्या विद्यार्थ्याला तर तेवढेही जमत नाही.

४. उष्णतेचा उगम

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. २००४ मध्ये आलेल्या पेंटियम ४ मालिकेतील काही प्रोसेसरांची औष्णिक मर्यादा ११५ वॅट होती. त्या काळातील संगणकांची घरघर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. याउलट २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन १०० या प्रोसेसरची औष्णिक मर्यादा ६ वॅट आहे. लेखन, सादरीकरण, आंतरजाल आणि प्राथमिक प्रोग्रॅमिंग यांसाठी तो पुरेसा ठरतो व केवळ धातूच्या हीट सिंकवर, पंख्याविना, थंड राहू शकतो. कामाच्या गरजेपेक्षा मोठा प्रोसेसर घेणे म्हणजे उष्णता विकत घेणे होय.

दुसरा उगम एस.एम.पी.एस.चा. त्याची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर १०० वॅटचा भार पुरविण्यासाठी तो सुमारे १४३ वॅट घेतो आणि ४३ वॅट स्वतःतच उष्णतेच्या रूपाने गमावतो. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर हाच तोटा ११ वॅटवर येतो. कमी उष्णतेमुळे त्याचा पंखा संथ फिरतो. यासाठी २००४ पासून प्रचलित असलेले ‘८० प्लस’ हे मानांकन खरेदीच्या वेळी पाहावे.

५. पंखा : मोठा आणि संथ

उरलेली उष्णता हवेने वाहून न्यावी लागते. आतील हवेचे तापमान खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर १०० वॅट उष्णतेसाठी सेकंदाला साधारण ८.६ लिटर हवा पुरते. १२० मि.मी. व्यासाचे दोन संथ पंखे, एक हवा आत घेणारा व एक बाहेर टाकणारा, हे काम सहज करतात.

पंख्यांचे नियम येथे फार उपयोगी पडतात. एखाद्या पंख्याची गती निम्मी केली तर हवेचा प्रवाह निम्मा, दाब एक-चतुर्थांश, लागणारी वीज एक-अष्टमांश होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने घटतो. व्यास वाढविल्यास प्रवाह व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या ८० मि.मी.च्या पंख्याइतकी हवा तशाच घडणीचा १२० मि.मी.चा पंखा सुमारे ६०० फेऱ्यांत देतो. मोठ्या पात्यांमुळे होणारी वाढ वजा जाता आवाजात जवळपास १४ डेसिबलची घट होते. वर उल्लेखिलेल्या वीस संगणकांच्या कक्षात आवाज केवळ पंख्यांचाच आहे असे मानल्यास ४८ डेसिबलची पातळी ३४ वर येईल, म्हणजेच ३५ च्या मर्यादेत.

या लाभाची किंमत मात्र दाबात मोजावी लागते. त्या मोठ्या, संथ पंख्याचा दाब लहान पंख्याच्या केवळ पंचमांश असतो. वाट मोकळी असेपर्यंत तो उत्तम चालतो. जाळी धुळीने भरली की त्याची हवा पुढे सरकतच नाही.

६. इंदापूर-बारामतीचे हवामान आणि धूळ

परदेशी ग्रंथांतील शिफारशी येथे जशाच्या तशा वापरता येत नाहीत, त्याचे कारण हेच. हा भाग पर्जन्यछायेचा असून मे महिन्यात पारा चाळिशीच्या घरात जातो. प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांची मोकळीक मिळते; ४० अंशांच्या खोलीत ती ६० उरते. म्हणजे तोच हीट सिंक आणि तीच पंख्याची गती असताना पाचव्या हिश्श्याने कमी उष्णता बाहेर टाकता येते. पंख्याची गती तापमानानुसार बदलत असल्याने जानेवारीत शांत वाटणारा संगणक मे महिन्यात गोंगाट करतो. नवीन यंत्राची परीक्षा म्हणूनच उन्हाळ्यातील दुपारी घ्यावी.

दुसरा घटक धुळीचा. ऊसतोडणी व गाळपाच्या हंगामात रस्त्यावरील माती, जाळलेल्या पाचटाची राख आणि धुराड्यांची काजळी उघड्या खिडक्यांतून आत येते. हीट सिंकच्या पट्ट्यांमध्ये तिचा थर बसला की उष्णता अडते. त्यासाठी हवा आत येण्याच्या बाजूस क्षेत्रफळाने मोठी, धुता येणारी जाळी असावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी, म्हणजे फटींतून गाळणीविना धूळ ओढली जात नाही. हंगामात महिन्यातून एकदा जाळी धुवावी. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर वा स्टँडवर ठेवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

७. साठवण : फिरती चकती आणि स्थिर स्मृती

पंख्यांचा आवाज कमी झाल्यावर हार्ड डिस्कचा आवाज ऐकू येऊ लागतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० वेळा फिरते आणि त्याच कंपनसंख्येचा गुंजारव निर्माण करते. हार्ड डिस्क स्वतः लहान असल्याने तिचा हवेत जाणारा आवाज थोडा असतो. परंतु ती कॅबिनेटच्या पातळ पत्र्याला घट्ट आवळलेली असली की सारा पत्रा थरथरतो. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर तिचा नाद क्षीण असतो, भोपळा त्याला भरीव करतो. मिरजेच्या वाद्यनिर्मात्यांना पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भोपळे ज्या कारणासाठी हवे असतात, नेमके त्याच कारणासाठी कॅबिनेटचा पत्रा येथे नको असतो.

उपाय मार्गावरचा आहे. डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये मऊ रबरी वॉशर घालावेत. डिस्कच्या भाराने रबर एक मि.मी. दबत असेल तर त्या रचनेची नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे १६ येते; रबर प्रत्यक्षात अधिक कडक वागते असे धरून ती ३० मानली, तरी १२० कंपनसंख्येचे कंपन दशांशाहूनही कमी प्रमाणात पत्र्यापर्यंत पोहोचते. मात्र रबरामुळे पत्र्यात जाणारी उष्णताही अडते, म्हणून डिस्क आत येणाऱ्या हवेच्या झोतात ठेवणे आवश्यक ठरते.

एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसल्याने ती पूर्णतः निःशब्द असते. जुन्या संगणकाला एस.एस.डी. जोडल्यास आवाज कमी होतो आणि वेगही जाणवण्याइतका वाढतो. मात्र ती कायमस्वरूपी दप्तर नव्हे. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तापमान वाढले की तो भार अधिक लवकर पाझरतो. ‘जेडेक’ या मानक संस्थेच्या अटीनुसार सर्वसाधारण वापरातील एस.एस.डी.ची लेखनक्षमता पूर्ण वापरली गेल्यानंतर, विजेविना ३० अंश तापमानात, माहिती एक वर्ष टिकणे अपेक्षित आहे. नव्या एस.एस.डी.च्या बाबतीत उन्हाळी सुट्टीची चिंता नको. पण जुनी एस.एस.डी. तापलेल्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवून तिच्यावर निकालपत्रके किंवा प्रबंध सोपविणे योग्य नाही.

यावरून एक व्यवहार्य रचना निघते. प्रत्येक संगणकात लहान एस.एस.डी. असावी आणि मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क एकाच सर्व्हरमध्ये, शेजारच्या स्वतंत्र खोलीत असाव्यात. वीस चकत्यांचा आवाज कक्षातून जातो आणि राखीव प्रती घेण्याचे कामही एका जागी होते. यू.पी.एस.चा पंखा व गुणगुण यांनाही तीच खोली मोकळी आहे.

८. पाण्याने शीतन : कोठे योग्य?

हवेच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानाचे पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. म्हणून मोठ्या यंत्रणांत द्रवशीतन अपरिहार्य होत आहे. १९९१ मध्ये सी-डॅकने पुण्यात ‘परम ८०००’ साकारला. २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेत कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये प्रोसेसरांपर्यंत थेट द्रव नेणारी शीतनव्यवस्था आहे. परंतु पाणी उष्णतेला केवळ वाहून नेते. शेवटी ती कोठेतरी हवेतच सोडावी लागते. टेबलावरील संगणकात पंप आणि रेडिएटरचे पंखे हे आवाजाचे नवे उगम येतात. १०० वॅटच्या आतील यंत्रास चांगला हीट सिंक आणि संथ पंखा हीच अधिक साधी, अधिक टिकाऊ व बहुधा अधिक शांत व्यवस्था ठरते.

९. कार्यवाहीचा क्रम

अल्प खर्चापासून अधिक खर्चाकडे जाणारा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल : (१) ब्लोअरने धूळ काढणे, या वेळी पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत. (२) प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे. (३) बायोसमधील पंख्याची तापमानानुसारची गती तपासणे. (४) हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. बसविणे. (५) ८० मि.मी.च्या पंख्याजागी, कॅबिनेटमध्ये जागा असल्यास, १२० मि.मी.चा पंखा घेणे. (६) एस.एम.पी.एस. नादुरुस्त होईल तेव्हा कार्यक्षम प्रकारातील घेणे. प्रत्येक टप्प्यानंतर दुपारच्या वेळी तापमान नोंदवावे. तापमान न पाहता केवळ पंखे मंद करणे धोक्याचे आहे.

१०. समारोप

महाविद्यालयांच्या निविदांत प्रोसेसर, स्मृती आणि हमीचा कालावधी यांचे तपशील असतात. आवाजाचा रकाना सहसा नसतो. आय.एस.ओ. ७७७९ हे मानक संगणकीय साधनांचा आवाज मोजण्याची रीत ठरवून देते आणि आय.एस.ओ. ९२९६ नुसार उत्पादक ती मूल्ये घोषित करतात. निविदेत हे घोषित मूल्य मागितले तर तुलना शक्य होते. हा खर्चाचा प्रश्नही आहे. २५ संगणकांनी प्रत्येकी १०० वॅट कमी वापरले, तर रोज ६ तासांप्रमाणे २०० दिवसांत ३००० युनिट विजेची बचत होते. जी वीज उष्णता बनत नाही, तिच्यासाठी पंखा फिरवावा लागत नाही. पुढील खरेदीच्या वेळी संगणक समितीने एवढा एक रकाना वाढवावा, म्हणजे कक्षातील शेवटच्या बाकापर्यंत शिक्षकांचा शब्द पोहोचण्यास मदत होईल.