श्वासोच्छ्वास हाही प्राणच : पाळीव पक्षी आणि घरातील धूर

जैन दर्शनाने जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत. पाच इंद्रिये, मन-वचन-काय ही तीन बळे, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. मन असलेल्या पंचेंद्रिय तिर्यंचांना, म्हणजे पशुपक्ष्यांनाही, हे दहाही प्राण असतात. प्रमादामुळे प्राणांचा घात होणे ही तत्त्वार्थसूत्राने केलेली हिंसेची व्याख्या आहे. घरात पिंजरा असेल, तर या व्याख्येतील ‘प्रमाद’ हा शब्द थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतो.

मुळात पक्षी कोंडून ठेवणे श्रावकाला शोभत नाही. अहिंसा-अणुव्रताच्या पाच अतिचारांतील पहिला अतिचार ‘बंध’ हाच आहे. रानातून पकडलेला आपला हिरवा पोपट पाळणे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. मात्र ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे बजरीगार किंवा कॉकाटील मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत आलेले असतात. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातील, आणि त्यांचा जन्म पिंजऱ्यातला. त्यांना येथील आकाशात सोडून देणे म्हणजे कावळ्या-मांजरांच्या स्वाधीन करणे होय. तेव्हा जे घरात आले आहेत, त्यांचा सांभाळ हेच कर्तव्य ठरते. दाणा-पाणी वेळेवर दिले जाते. हवेचा विचार मात्र क्वचितच होतो.

पक्ष्याची श्वसनरचना माणसाहून निराळी आहे. त्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा रक्ताला मिळते. उड्डाणासाठी आवश्यक असलेली हीच क्षमता विषारी वायूच्या बाबतीत घातक ठरते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सूचनेवरून कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा पडली. कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन वायूने माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि कामगार सावध होत. १९८६ मध्ये यंत्रे आली, तेव्हा कुठे त्या पाखरांची सुटका झाली.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या गावात हा धोका हिवाळ्यात वाढतो. विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदले जाते. अशा रात्री दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी आत घेतली, तर तोच वायू खोलीत साचतो. तो पक्ष्यालाच नव्हे, घरातील माणसांनाही प्राणघातक आहे. सरपण आणि गोवऱ्यांचा धूर, करपलेले तेल, मिरचीच्या फोडणीचा खाट, मच्छर अगरबत्ती, धूप, सुगंधी फवारे, ताजा रंग आणि अंगणात जाळलेले प्लास्टिक, हे सारे पक्ष्याला बाधते.

सर्वांत फसवा धोका नॉनस्टिक तव्याचा. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला आणि तो सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला, की त्यावरील लेप विघटित होऊ लागतो. निघणारी वाफ माणसाच्या लक्षातही येत नाही. पिंजऱ्यातील पाखरू मात्र काही मिनिटांत दगावू शकते. यावर खात्रीचा उपचार नाही, म्हणून असा तवा पक्षी असलेल्या घरात नसावा. लोखंडी किंवा बिडाचा तवा उत्तम.

उपाय साधे आहेत. पिंजरा स्वयंपाकघरापासून आणि देवघरातील धुपापासून दूर, हवेशीर पण थेट वारा न लागणाऱ्या जागी असावा. शेगडी बाहेरच पेटवावी. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी वापरल्यास पाखरू वाचते आणि डासांची हिंसाही टळते. रंगकाम निघाले, तर वास पूर्ण जाईपर्यंत पिंजरा दुसऱ्या घरी ठेवावा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरात पक्षी झोपी जाण्याच्या वेळी चूलही शांत असते, हा त्या नियमाचा आणखी एक लाभ.

चोच उघडी ठेवून श्वास घेणे, श्वासागणिक शेपूट वरखाली होणे, पंख गळणे, दांडीवरून उतरून तळाशी बसणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी पक्ष्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, उबदार आणि शांत ठेवावे. चोचीत बळेच पाणी किंवा औषध घालू नये; ते श्वासनलिकेत जाते. लगेच पशुवैद्यकांना दाखवावे आणि धूर कशाचा होता, तेही सांगावे.

दिल्लीच्या चांदणी चौकात श्री दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. समाजाच्या जीवदयेची ती सुंदर साक्ष आहे. प्रत्येक गावी असे रुग्णालय उभारणे शक्य नाही. पण रिकामा तवा आचेवर न विसरणे आणि एक खिडकी उघडी ठेवणे प्रत्येक घराला शक्य आहे. पिंजऱ्याचे दार ज्याने लावले, आतल्या श्वासाची जबाबदारीही त्याचीच.