जाड वायर टाकली, तरी आकडा खोटाच

दिवेआगरात घर रस्त्यालगत आणि वाडी मागे लांबवर. विहिरीची पातळी, सुपारीच्या ड्रायरचं तापमान घरात बसून बघायचं म्हटलं, की पोफळींमधून पन्नासेक मीटर केबल ओढावी लागते. आकडा चुकला की सगळे सेन्सरला शिव्या घालतात. केबलकडे कोणी बघत नाही.

गैरसमज : वायर जाड घेतली की माप बरोबर.

वस्तुस्थिती : पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहम बदलतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोनतारी केबल ५० मीटर नेली, तर तांब्याचेच जाऊन-येऊन ३.४५ ओहम त्यात मिसळतात आणि मीटर ९ अंश जास्त दाखवतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाका. पाचपट तांबं घालूनही पावणेदोन अंश चूक उरतेच. त्यापेक्षा तीनतारी सेन्सर आणि तीनतारी मीटर घ्यावा. तिन्ही तारा सारख्या असल्या, की मीटर तारांचा रेझिस्टन्स वजा करतो. पातळीसाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा सेन्सर बरा, कारण पुरेसा व्होल्टेज मिळाला की तारेच्या लांबीने त्याचा करंट बदलत नाही.

गैरसमज : शील्ड आहे ना, मग पंपाच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेली तरी चालेल.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. फॉइलची शील्ड विद्युत क्षेत्र अडवते. मोटारीच्या करंटचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं. त्यावर पीळ दिलेली जोडतार आणि अंतर हेच उपाय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली थेट आपल्या जिल्ह्यात, अलिबागला आणली गेली. आपल्याला तर फक्त दुसरा पाइप टाकायचाय!

गैरसमज : शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली की दुप्पट सुरक्षित.

वस्तुस्थिती : घराची अर्थ आणि विहिरीची अर्थ एका पातळीवर नसतात. दोन्हीकडे जोडलीत, तर शील्डमधूनच करंट वाहू लागतो. अशा संथ सिग्नलला एकच टोक, शक्यतो मीटरकडचं, अर्थ करावं.

खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं आणि टेप गुंडाळलेला जोड फसवतो. कथिलाचा मुलामा असलेली तार आणि बंद टर्मिनल बॉक्स घ्या.

आणि नवा सेन्सर मागवण्याआधी एवढं करा : पंप बंद असताना आकडा लिहून ठेवा, मग पंप सुरू करा. त्याच क्षणी आकडा उडाला, तर आधी केबलचा मार्ग बदला.