होनाचा भाव

शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु होन हे एकट्या महाराष्ट्राचे नाणे नव्हे. विजयनगरच्या राजांचा हा वराह त्यांचे साम्राज्य लयास गेल्यावरही साऱ्या दक्षिणेत चालत राहिला. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, तमिळ लोक त्याला वराहन म्हणत आणि युरोपीय व्यापारी पॅगोडा. (भाषांतराच्या कामात हा शब्द प्रथम भेटला, तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांपुढे देऊळच उभे राहिले होते!)

नाव एक, पण घरे अनेक. इंग्रज मद्रासेत, डच नागपट्टणास, फ्रेंच पाँडिचेरीस आपापले होन पाडीत. आकार जवळजवळ सारखा, सोने मात्र कमीअधिक. मद्रासेचा चांदणीछापाचा 'स्टार पॅगोडा' सुमारे ३.४ ग्रॅम वजनाचा होता. पोर्टो नोव्हो येथील होनात सोने त्याहून कमी असे. मग खरा भाव सांगावयाचा कोणी? सराफाने. नाणे कसोटीवर घासून तो बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागतो असे आपण आजही म्हणतो, तो हाच.

कंपनीच्या वह्यांत हिशेब साफ होता: ८० कासूंचा एक पणम, ४२ पणमांचा एक होन आणि साडेतीन रुपयांचाही एक होन, अर्थात् रुपयास १२ पणम. बाजार मात्र वह्या वाचून चालत नसे. समजा, एखाद्या विणकराची मिळकत पणमांत आणि देणे होनांत आहे. होन ४२ वरून ४५ पणमांवर गेला, की त्याच्या प्रत्येक होनामागे ३ पणम, म्हणजे २४० कासू, अधिक जात. माग तोच, सूत तेच, दिवसही तेवढाच. सोन्याचे नाणे ज्याच्या हाती क्वचितच येई, त्याच्याच चुलीपर्यंत त्याच्या भावाची झळ पोहोचे.

या भावाशी मराठी माणसाचाही निकट संबंध आला. १७९९ साली तंजावरचे सरफोजीराजे यांनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला. मोबदला ठरला दरसाल एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. साडेतीनच्या दराने हे लाख होन म्हणजे साडेतीन लाख रुपये. एका मराठी राज्याची किंमत अशी मद्रासेच्या नाण्यात लिहिली गेली.

१८१८ साली मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणे ठरले आणि १०० होनांस ३५० रुपये या दराने जुने हिशेब फिरविले गेले. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखास एकच रुपया मिळाला. होन गेला, सराफाचा एक धंदाही गेला. पणम मात्र गेला नाही: तमिळ घरांत पैशाला आजही पणमच म्हणतात.

चेन्नईस गेलात, तर जॉर्ज टाउनमधील मिंट स्ट्रीटवरून अवश्य चाला. तेथील टाकसाळ १८६९ साली बंद झाली. रस्त्याचे तमिळ नाव तंगसालै. मराठी कानाला ते ऐकताच आपली टाकसाळ आठवते.